रुग्णाच्या उशाशी सूर : बिमारिस्तान ते अतिदक्षता विभाग

आजाऱ्याच्या उपचारासाठी उभारलेल्या वास्तूला मराठीत दोन नावे रूढ आहेत. 'इस्पितळ' हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला, आणि 'दवाखाना' फारसीच्या वाटेने आला. याच फारसीत पूर्वी आणखी एक शब्द होता, तो म्हणजे 'बिमारिस्तान'. 'बिमार' म्हणजे आजारी आणि 'स्तान' म्हणजे ठिकाण. दवाखाना या नावात दवा पुढे आहे, बिमारिस्तान या नावात आजारी माणूस पुढे आहे. बगदाद, दमास्कस, कैरो, अलेप्पो या शहरांतील बिमारिस्ताने मध्ययुगात जगप्रसिद्ध होती. तेथे औषध होते, शस्त्रक्रिया होती, वैद्यकाचे शिक्षण होते, हे आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत कधीमधी एका ओळीत येते. तेथे रुग्णाचे भय कमी करण्यासाठी मधुर आवाजाचा उपयोग होत असे, ही गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेखात त्या परंपरेचा आणि तिच्या आजच्या रूपाचा थोडक्यात परिचय करून देण्याचा विचार आहे.

विषय जुना वाटला तरी तो आपल्या घरापासून दूर नाही. आज गावोगावच्या कुटुंबांत कोणी ना कोणी अतिदक्षता विभागात, म्हणजे आय. सी. यू. मध्ये, राहून आलेले असते. काचेच्या दाराआड माणूस, नाकातोंडात नळ्या, भोवती यंत्रांचे टिकटिक आवाज, रात्रंदिवस जळणारे दिवे, आणि बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक. श्वासनलिकेत नळी घातलेल्या रुग्णाला बोलता येत नाही, कारण ती नळी स्वरयंत्रातूनच खाली जाते. तो जागा असतो, ऐकत असतो, घाबरलेला असतो, परंतु सांगू शकत नाही. अशा माणसाला धीर कसा द्यावा, हा प्रश्न आज डॉक्टरांनाही पडलेला आहे.

अल-किंदीची कथा

नवव्या शतकात बगदादमध्ये अबू यूसुफ याकूब अल-किंदी हा थोर तत्त्वज्ञ होऊन गेला. गणित, वैद्यक, प्रकाशशास्त्र आणि संगीत या सर्व विषयांवर त्याने ग्रंथ लिहिले. तेराव्या शतकातील चरित्रकार इब्न अल-किफ्ती याने विद्वानांच्या चरित्रकोशात त्याची एक कथा नोंदवून ठेवली आहे.

अल-किंदीच्या शेजारी एक धनाढ्य व्यापारी राहत असे. हा व्यापारी अल-किंदीची नेहमी निंदा करी. त्याच्या व्यापाराचा सर्व हिशेब मुलाच्या हाती होता. एके दिवशी त्या मुलाला एकाएकी झटका येऊन तो निश्चेष्ट पडला. कोणाला किती देणे, कोणाकडून किती येणे, काहीच बापाला ठाऊक नव्हते. शहरातील वैद्य थकले, तेव्हा लोकांच्या आग्रहावरून व्यापाऱ्याने अल-किंदीलाच बोलावले. अल-किंदीने मुलाची नाडी हातात धरली आणि ऊद वाजविण्यात निपुण असलेल्या आपल्या चार शिष्यांना उशाशी बसवून ठराविक पद्धतीने वादन करावयास सांगितले. वादन चालू राहिले तसतशी नाडी सबळ होत गेली, श्वास परत आला, मुलगा हलला, उठून बसला आणि बोलू लागला. अल-किंदीने बापाला सांगितले, "काय विचारायचे ते आता विचारून घे." बापाने हिशेब विचारला, मुलाने सांगितला, तो लिहून घेण्यात आला. इतक्यात वादकांचे लक्ष ढळले, सूर बदलला, आणि मुलगा पुन्हा पूर्वीसारखा निश्चेष्ट झाला. बापाने पुन्हा वादनाची विनवणी केली, परंतु अल-किंदी म्हणाला की, त्याच्या आयुष्याचा एवढाच अंश उरला होता. अल्लाहने दिलेल्या मुदतीत भर घालणे कोणाच्या हाती नाही.

ही कथा वैद्यकीय पुरावा म्हणून कोणी घेऊ नये. कथा ती कथाच. परंतु तिच्यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे ज्याने आयुष्यभर निंदा केली त्याच्याही मुलाच्या उशाशी विद्वान येऊन बसतो. दुसरी म्हणजे सुराने मृत्यू टळतो असा दावा कथाकार करीत नाही. सूर आजाऱ्याला थोडा वेळ परत आणतो, बोलता करतो, एवढेच तो म्हणतो.

ग्रंथांतील विचार

दहाव्या शतकात बसरा येथे 'इख्वान अस्-सफा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्वानांच्या मंडळाने विविध शास्त्रांवर निबंध लिहिले. त्यांतील संगीतावरील निबंधात रुग्णालयांत पहाटेच्या आधी वाजविल्या जाणाऱ्या एका सुरावटीचा उल्लेख येतो. तिच्यामुळे आजाराच्या वेदना हलक्या होतात, असे ते म्हणतात. ज्याने आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढली आहे त्याला ही 'पहाटेच्या आधीची' वेळ ठाऊक आहे. रात्रीचा तो प्रहर आजाऱ्याला सर्वांत लांब वाटतो.

याच काळातील अल-फाराबी (निधन इ. स. ९५०) याने 'किताब अल-मूसीकी अल-कबीर' हा संगीतशास्त्रावरील प्रचंड ग्रंथ रचला. त्यानंतर इब्न सीना (इ. स. ९८० ते १०३७) याने 'अल-कानून' या वैद्यकग्रंथात नाडीच्या ठोक्यांतील प्रमाणबद्धतेची तुलना संगीताशी केली आणि वेदना शमविण्याच्या उपायांत मधुर गायनाचाही समावेश केला, विशेषतः झोप आणणारे गायन त्याला उपयुक्त वाटले. हाच 'कानून' पुढे लॅटिनमध्ये भाषांतरित होऊन युरोपातील विद्यापीठांत कित्येक शतके शिकविला गेला.

येथे एक मुद्दा ध्यानात ठेवला पाहिजे. या जुन्या वैद्यकात प्रत्येक माणसाचा एक 'मिजाज' म्हणजे प्रकृती मानलेली होती. कोणाला कोणता सूर मानवेल हे हकीम त्या प्रकृतीवरून ठरवी. म्हणजे सर्वांना एकच औषध नाही, तसेच सर्वांना एकच सूर नाही, हे तत्त्व त्यांना मान्य होते. निवड मात्र हकिमाची होती, रुग्णाची नव्हती.

दमास्कसपासून एदिर्नेपर्यंत

इ. स. ११५४ साली सुलतान नूरुद्दीन झंगी याने दमास्कस येथे बिमारिस्तान बांधले. पुढे मामलूक सरदार कलावून हा दमास्कसमध्ये असताना आजारी पडला आणि या बिमारिस्तानातील औषधांनी बरा झाला. आपण सुलतान झालो तर असेच रुग्णालय बांधू, असा त्याने नवस केला. तो खरोखरच इजिप्तचा सुलतान झाला, आणि इ. स. १२८४ मध्ये कैरो येथे त्याने 'अल-मन्सूरी' बिमारिस्तान उभारले. वक्फच्या उत्पन्नावर चालणाऱ्या या रुग्णालयात श्रीमंत-गरीब, स्त्री-पुरुष सर्वांना प्रवेश होता. ज्यांना झोप येत नाही त्यांच्यासाठी मंद वादन आणि कथा सांगणारे लोक असत, कुरआनचे पठण करणारे कारी नेमलेले असत, आणि बरा होऊन घरी जाणाऱ्या गरिबाला लगेच मोलमजुरीला जावे लागू नये म्हणून काही नाणी दिली जात, अशी वर्णने या रुग्णालयाविषयी आढळतात.

इ. स. १३५४ मध्ये अलेप्पो येथे अर्गून अल-कामिली याचे बिमारिस्तान झाले. मनोरुग्णांसाठीच्या खोल्या तेथे लहान चौकांभोवती बांधलेल्या असून चौकात पाण्याचे हौद आणि कारंजी आहेत. वाहत्या पाण्याचा आवाज हेही एक औषधच मानले गेले होते.

या परंपरेचा कळस पाहावयाचा तर तुर्कस्थानातील एदिर्ने येथे जावे लागेल. तुंजा नदीच्या काठी सुलतान दुसरा बायझीद याने इ. स. १४८४ ते १४८८ या काळात मशीद, वैद्यकाचा मदरसा, लंगरखाना आणि दारुश्शिफा म्हणजे आरोग्यगृह असा मोठा परिसर बांधला. दारुश्शिफाचा मुख्य भाग षट्कोनी असून वर घुमट आणि मधोमध कारंजे आहे. मध्यभागी गायलेले सूर भोवतालच्या सर्व खोल्यांत पोहोचावेत अशी ही रचना आहे. सतराव्या शतकातील तुर्की प्रवासी एव्लिया चेलेबी (त्याच्या नावातील 'एव्लिया' म्हणजे आपला 'अवलिया'च) याने हे ठिकाण पाहून लिहिले आहे की, येथे तीन गायक आणि सात वादक असे दहा कलावंत नेमलेले असून ते आठवड्यातून तीन वेळा रुग्णांसाठी गातात-वाजवितात. नेय, ऊद, संतूर इत्यादी वाद्यांची नावेही त्याने दिली आहेत. चेलेबीला अतिशयोक्तीची सवय होती हे इतिहासकार जाणतात. तथापि ती वास्तू आजही उभी आहे. तेथे १९९७ साली आरोग्यविषयक संग्रहालय सुरू झाले, आणि २००४ साली त्याला युरोप परिषदेचे संग्रहालय पारितोषिक मिळाले.

काही वाचकांच्या मनात येथे शंका येईल की, धर्मदृष्ट्या संगीत कितपत योग्य? वाद्यांविषयी उलेमांत पूर्वीपासून मतभेद आहेत. इमाम गझाली (निधन इ. स. ११११) यांनी 'इह्या उलूम अद्-दीन' या ग्रंथात 'समा' या विषयावर स्वतंत्र प्रकरण लिहून कोणते श्रवण योग्य आणि कोणते अयोग्य याची सविस्तर चर्चा केली आहे. तो वाद सोडविणे हा या लेखाचा हेतू नाही आणि लेखकाचा अधिकारही नाही. ज्याला वाद्य नको त्याच्यासाठी किराअत आहे, हम्द आहे, नात आहे. ज्याला जे मनापासून हवे तेच त्याच्या कानी पडावे, हा या लेखाचा मुद्दा आहे.

कंदिलापासून ग्रामोफोनपर्यंत

एकोणिसाव्या शतकात बिमारिस्तानांचे वैभव ओसरले होते. त्याच सुमारास, १८५४ साली, क्रिमियाच्या युद्धातील जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी फ्लॉरेन्स नाइटिंगेल इस्तंबूलसमोरच्या उस्कुदार येथील लष्करी इस्पितळात आल्या. पुढे १८५९-६० च्या सुमारास त्यांचे शुश्रूषेवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात अनावश्यक गोंगाटावर त्यांनी एक प्रकरणच लिहिले. रुग्णाच्या खोलीत किंवा दाराबाहेर कुजबुजत बोलणे हे त्याला किती क्लेशदायक होते, हे त्यांनी बजावून सांगितले. संगीताविषयी त्यांचे मत असे की, मानवी आवाज, फुंकून वाजविण्याची वाद्ये आणि सलग नाद देणारी तंतुवाद्ये रुग्णाला हितकारक ठरतात. परंतु त्याचा खर्च पाहता सर्वत्र ते शक्य नाही.

खर्चाची ही अडचण यंत्राने दूर केली. १८७७ साली एडिसनने फोनोग्राफ तयार केला. १९१४ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाचे शल्यचिकित्सक इव्हान केन यांनी शस्त्रक्रियागृहात फोनोग्राफ लावल्याने भूल देण्यापूर्वी घाबरलेल्या रुग्णाचे मन शांत होते, असे तेथील वैद्यकीय नियतकालिकात कळविले. सुलतानाच्या दरबाराला परवडणारी गोष्ट आता एका पेटीत मावू लागली.

कोपनहेगनचे हात

अतिदक्षता विभागाचा जन्म १९५२ साली डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे झाला, असे मानले जाते. त्या वर्षी तेथे पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू निकामी झालेले रुग्ण गुदमरून मरत होते. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छिद्र पाडून नळीवाटे रबरी पिशवीने हवा देण्याची युक्ती काढली. पुरेशी यंत्रे नव्हती, म्हणून सुमारे १,५०० विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णाच्या शेजारी बसून हाताने ती पिशवी दाबत राहिले. हजारो तास हे काम चालले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी गंभीर रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला.

विद्यार्थी मित्रांनो, त्या विद्यार्थ्यांचे वय तुमच्याहून चार-सहा वर्षांनीच अधिक असेल. त्यांचे हात हेच त्या दिवसांतले श्वसनयंत्र होते. पुढे ते काम यंत्राने घेतले. यंत्र थकत नाही, चुकत नाही. त्यामुळे अगणित जीव वाचले आणि आजही वाचत आहेत. परंतु पिशवी दाबणारा जो माणूस उशाशी बसलेला होता, तो मात्र उठून गेला. रुग्ण यंत्राबरोबर एकटा राहिला. त्याची भीती कमी करण्यासाठी गुंगीची औषधे द्यावी लागतात. ती आवश्यक असतात. पण ती फार दिवस आणि फार प्रमाणात दिल्यास अशक्तपणा, भ्रम असे दुष्परिणाम होतात, हेही आता सर्वमान्य आहे.

रुग्णाची निवड

या पार्श्वभूमीवर २०१३ साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन महत्त्वाचे आहे. अमेरिकेत परिचर्या विषयाच्या प्राध्यापिका लिंडा च्लान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिनियापोलिस-सेंट पॉल परिसरातील १२ अतिदक्षता विभागांत कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्या ३७३ रुग्णांचा अभ्यास केला. रुग्णांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्याशिवाय बाहेरचा आवाज अडविणारे हेडफोन, आणि तिसऱ्या गटाला आवडीचे संगीत. या तिसऱ्या गटातील रुग्णांकडून संगीतोपचार-तज्ज्ञाने त्यांची आवड जाणून घेतली आणि त्याप्रमाणे संग्रह तयार करून दिला. केव्हा ऐकावे आणि किती वेळ ऐकावे हे रुग्णानेच ठरवावयाचे होते. हे रुग्ण सरासरीने दिवसाला सुमारे ८० मिनिटे ऐकत असत. पाचव्या दिवशी, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांची चिंता ३६.५ टक्क्यांनी कमी आढळली, आणि गुंगीच्या औषधांची गरजही कमी लागली. पुढल्या वर्षी, २०१४ साली, अशा १४ प्रयोगांचा आणि त्यांतील ८०५ रुग्णांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, त्याचाही निष्कर्ष अनुकूलच होता.

संगीताने फुप्फुस बरे होते किंवा हृदयाचा अडथळा निघतो, असे कोणीही म्हटलेले नाही. कमी होते ते भय. आणि बिमारिस्तानाच्या काळापासून आजपर्यंत झालेला मोठा बदल कोणता, तर निवड हकिमाच्या हातून रुग्णाच्या हाती आली. ज्याला हात हलविता येत नाही, पाणी मागता येत नाही, त्याला 'आता हे ऐकू दे, आता हे बंद करा' एवढे तरी ठरविता येते. त्या अवस्थेत ही लहान गोष्ट नाही.

आपल्याकडे मिरज हे या दोन्ही परंपरांचे गाव आहे. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलमुळे ते रुग्णांचे गाव झाले. त्याच गावात पूर्वी शस्त्रे घडविणाऱ्या शिकलगार घराण्यांनी सतार आणि तंबोरे घडविण्याची कला वाढविली; फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२ ते १९३७) आजारी असताना ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायले आणि त्यांना आराम पडला, अशी आख्यायिका तेथे सांगतात. त्यांची कबर त्याच दर्ग्यात आहे, आणि उरुसात कलावंत तेथे गाऊन सेवा रुजू करतात. इस्पितळ, दर्गा आणि तंबोऱ्याचे कारखाने एका गावात नांदतात; पण अतिदक्षता विभागातील रुग्णाला त्याच्या आवडीचा सूर ऐकविण्याची रीत आपल्याकडे अजून घरोघरी माहीत नाही.

आपले कर्तव्य

आजाऱ्याची भेट, म्हणजे इयादत, ही आपल्याकडे सुन्नत मानली जाते, आणि ती आपण मनापासून पाळतो. दहा-बारा माणसे इस्पितळाच्या दारात जमतात. कोणी मोबाइलवर मोठ्याने तिलावत लावतो, कोणी रडतो, कोणी दारातच कुजबुजतो. हेतू चांगला असतो. परंतु विचार करावा. सूरह यासीन आपल्याकडे मरणासन्न माणसाजवळ वाचण्याची रीत आहे. बरा होत आलेल्या, शुद्धीवर असलेल्या, परंतु बोलता न येणाऱ्या माणसाच्या कानाशी कोणी न विचारता ती लावली, तर 'माझी वेळ भरली काय?' असे त्याच्या मनात येणारच नाही कशावरून? दुसऱ्या एखाद्याला मात्र तीच सूरह रोज फजरच्या नमाजनंतर वाचण्याची सवय असेल, आणि तिच्यानेच त्याला धीर येईल. दोघांपैकी आपला माणूस कोणता, हे विचारल्यावाचून कळणार नाही.

म्हणून पालकांना विनंती आहे की, घरातील वडीलधाऱ्यांची आवड आजच जाणून घ्यावी. अब्बांना कोणत्या कारींची किराअत आवडते, दादीला कोणती नात ऐकून झोप लागते, नानांना तरुणपणी रेडिओवर कोणाची कव्वाली आवडत असे, जात्यावरच्या ओव्या आईला आठवतात काय, हे ठाऊक असावे. प्रसंग आल्यास प्रथम डॉक्टर आणि परिचारिका यांची परवानगी घ्यावी. मोठ्याने न लावता, शेजारच्या रुग्णाला त्रास होऊ न देता, हेडफोनवर मंद आवाजात ऐकवावे. रुग्णाला खुणेने विचारावे, आणि त्याने नको म्हटले तर तत्काळ बंद करावे. त्याला शांतता हवी असेल तर शांतता हीच त्याची निवड समजावी.

विद्यार्थ्यांना, आणि विशेषतः विद्यार्थिनींना, एवढेच सांगणे आहे की, डॉक्टर होणे हा सेवेचा एकच मार्ग नाही. परिचर्या, श्वसनोपचार, भूलशास्त्रातील तंत्रज्ञ, समुपदेशन, संगीतोपचार असे अनेक मार्ग आज खुले आहेत. वर सांगितलेले संशोधन एका परिचारिकेच्याच पुढाकाराने झाले, हे विसरू नये. आपल्या घरांत अजूनही 'मुलीला नर्स कशाला करायची?' असे म्हणणारे आढळतात. ज्या समाजाच्या पूर्वजांनी पहाटेच्या आधी जागणाऱ्या रुग्णासाठी गायक नेमले, त्या समाजात रुग्णाच्या उशाशी बसण्याचे काम कमी प्रतीचे मानले जाणे शोभत नाही. आपल्या शाळांतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी काहीजण उद्या अतिदक्षता विभागात कामाला असतील. तेथे बोलता न येणाऱ्या रुग्णाकडे वाकून 'तुम्हाला काय ऐकायचे आहे?' असे त्यांनी विचारावे, आणि उत्तराची वाट पाहावी. बिमारिस्तानाचा वारसा जपण्याचा याहून चांगला मार्ग नाही.